हे जनावर माझ्यासाठी नाही

दा हद्दूला दातांवरून खेचराचं वय सांगता येतं, याचं आमच्या तिमझाल गावात कोणाला कौतुक नाही. दात काय, कोणीही बघतं. हद्दू खेचराला उपाशी ठेवतो, ही खरी सांगण्यासारखी गोष्ट. रविवारच्या बाजारात विकणारा माणूस जनावराला मीठ लावलेले जव चारतो, वर पोटभर पाणी पाजतो आणि पोट तट्ट फुगवून उभं करतो. भरल्या पोटी कुठलंही खेचर ऐटीत चालतं. हद्दू म्हणतो, "आज आमच्याकडे राहू दे. उद्या काही न खाता चढवतो, मग बोलू." एवढं ऐकलं की निम्मे विकणारे दावं गुंडाळून चालू लागतात.

गेली बावीस वर्षं आमच्या खोऱ्यात त्याच्या पारखीशिवाय कोणी मोठं जनावर घेतलेलं नाही. त्याबद्दल तो एक वेळचं जेवण घेतो, आणि त्या जेवणालाही नावं ठेवतो. बुटका, रुंद खांद्यांचा, छप्पन्न वर्षांचा माणूस, म्हणून सगळ्यांचा 'दा', म्हणजे दादा. स्वतःचं मत सांगताना हनुवटी वर करतो. त्यामुळे तो उंच आहे असं वाटत नाही, पण त्याला तसं वाटतं एवढं नक्की.

पारखीचे आमचे काही नियम आहेत. पहिला असा की हात लावण्याआधी पारख्याने चारचौघांत, जनावराच्या मानेवर तळवा ठेवून म्हणायचं, "हे जनावर माझ्यासाठी नाही." ज्याला ते स्वतःलाच हवं आहे तो एकतर नसलेली खोट काढेल, नाहीतर असलेली झाकेल, म्हणून. एकदा हे म्हटलं की तपासणी संपल्यावर पारख्याने त्या जनावराच्या पाठीवर जन्मात बसायचं नाही. स्वतःला जनावर हवं असेल तर दुसऱ्या कोणा खेचरवाल्याने आपणहून येऊन ते वाक्य म्हणायचं, पारख करायची आणि लगाम तुमच्या हातात द्यायचा. हातात दिला तर जनावर चांगलं. लगाम जनावराच्याच पाठीवर टाकला तर परत पाठवा. दुसरा नियम हद्दूचा स्वतःचा. तो एका वेळी एकाच जनावराबद्दल बोलतो. "एक बघून सगळ्या कळपाची हमी देतो तो दलाल," असं तो बाजारात दलालांच्या तोंडावर म्हणतो, आणि दलाल हसून घेतात, कारण त्यांना उद्या पुन्हा त्याच्याच दारात यायचं असतं.

हा माणूस सायकलवर कसा बसला तेही सांगितलं पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वी दोन परदेशी पाहुणे आपल्या सायकली हद्दूच्या खेचरावर लादून गाढवखिंडीत गेले. खिंडीत पोचल्यावर हद्दूने एकाला खुणेने विचारलं, मी बसू का? त्याआधी तो सायकलवर कधी बसला नव्हता. धारेवरची वाट उतरून गावात आला तेव्हा दोन्ही कोपरं सोललेली, दात रक्ताने लाल, आणि चेहऱ्यावर असं हसू की इत्तोला, त्याच्या बायकोला, वाटलं याला काहीतरी चावलं. त्या दिवसापासून तो सायकलवालाच झाला. माराकेशची गिझलानबाई पाहुण्यांच्या सहली घेऊन येऊ लागली तेव्हा तिचा पहिला वाटाड्या हद्दू, आणि मोडलेल्या सायकली जोडणाराही हद्दूच.

सहलीची वाट ठरलेली. गावातून पाटाच्या कडेने, अक्रोडांच्या बागेतून, मग जुनिपरच्या झाडांमधून तीन तास चढ. तिथे जिना लागतो. जिना म्हणजे गाढवखिंडीखालच्या दगडी पायऱ्या, गुडघ्याएवढ्या उंच, दोनशेच्या वर. तिथे सायकली बस्सूच्या खेचरांवर चढतात, माणसं पायी वर जातात, आणि खिंडीतून धारेच्या वाटेने सगळे सायकलवर खाली. बस्सू हा इत्तोचा भाऊ, खोऱ्यातल्या खेचरवाल्यांचा म्होरक्या. मेहुण्या-मेहुण्यांत जेवढं प्रेम असतं तेवढंच यांच्यात आहे, म्हणजे एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांचाही दिवस जात नाही.

मग हद्दूचा उजवा गुडघा गेला. एका दिवसात गेला नाही, चार वर्षं जातच होता. पहिल्या वर्षी तो पाहुण्यांच्या पुढे होता, दुसऱ्या वर्षी मधे, तिसऱ्या वर्षी शेवटी. चौथ्या वर्षी पाहुणे जिन्याखालच्या सपाट खडकावर बसून त्याची वाट बघत. तो घामाघूम होऊन पोचला की ते टाळ्या वाजवत. भली माणसं होती, मनापासून वाजवत. त्या टाळ्या हद्दूला शिवीपेक्षा जास्त लागत. गेल्या हंगामाच्या शेवटी गिझलान हळूच म्हणाली, "दा हद्दू, पुढच्या वर्षी तुम्ही मुक्कामाच्या तंबूवर थांबा. स्वयंपाकावर लक्ष ठेवायला कोणीतरी जाणतं माणूस हवंच आहे." हद्दूने मान डोलावली. घरी येऊन सांगितलं तेव्हा इत्तो म्हणाली, "तुला साधं अंडं उकडता येत नाही." त्यावर त्याने अंडं किती वेळ उकडायचं ते विचारलं, तेव्हाच तिला कळलं की प्रकरण मनाला लागलंय.

ऑक्टोबरात, अक्रोड झोडपून झाल्यावर, गिझलान जीप घेऊन आली. मागे एक सायकल बांधलेली. खळ्यावर उतरवली तेव्हा अर्धा गाव जमला. मातकट हिरवा रंग, जाड टायर, पुढच्या चाकालाही स्प्रिंग, मागच्या चाकालाही स्प्रिंग, आणि मधला दांडा गाभण शेळीच्या पोटासारखा फुगलेला. आत बॅटरी.

"अशा आठ घ्यायच्या मनात आहे," गिझलान म्हणाली. "पाहुणे आता याच मागतात. पण आमचे रस्ते हिला झेपतात का, ते तुम्ही सांगायचं. तीन दिवस ठेवा. तुम्ही हो म्हणालात तर वसंतात आठ येतील. नाही म्हणालात तर एकही नाही."

"आणि ही आपली आपण चढते?" बस्सूने विचारलं.

"पाय मारावे लागतात. मोटर जोर लावते."

"मग आमची खेचरं काय करतील? टाळ्या वाजवतील?"

गिझलान सायकलीचे दोर गुंडाळू लागली. तिने मनात खेचरांचं नाव कधीच खोडलं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बस्सू मेहुण्याकडे वळला. "दाजी, रीत ती रीत. वाक्य म्हणा. की हवीय तुम्हाला? गुडघ्याला बरी पडेल."

खळ्यावर हशा पिकला. खरं तर हद्दूने तिथे दोन घटका थांबायला हवं होतं. चार वर्षं तळमळणाऱ्या माणसाने, समोर मोटर लावलेली सायकल उभी असताना, निदान एक ग्लास चहा पिऊन बोलावं. पण त्याला गुडघ्यावरून डिवचलं होतं, आणि तेही साऱ्या गावासमोर. हनुवटी वर गेली.

"मोटर लावून डोंगर चढायचा तर घरी बसून डोंगराचं चित्र बघावं," तो म्हणाला. हँडलच्या मधोमध, जिथे मान असती तिथे, त्याने तळवा ठेवला. "हे जनावर माझ्यासाठी नाही."

इत्तो भिंतीशी उभी होती. तिने डोळे मिटून घेतले.

पहिल्या दिवशी त्याने सायकल लगेच चढवली नाही, आधी तिचे पाय बघितले. चाकं उचलून फिरवली, तारा एकेक करून नखाने वाजवल्या. सीटवर बसून दोन्ही स्प्रिंगा किती दबतात ते मोजलं, हवा कमी केली, पुन्हा बसला, पुन्हा कमी केली. अंगठ्याखालच्या बटणाने सीट खाली जाते हे कळल्यावर त्याने ती दहा-बारा वेळा खालीवर केली, आणि आपल्याला कोणी बघत नाही ना, याची खात्री केली. तराजूवर टांगली तर चोवीस किलो भरली. त्याची जुनी सायकल चौदाची. "जाडी आहे," तो स्वतःशी म्हणाला. मोटरच्या चार चाली होत्या. त्याने पहिली लावली आणि पाटाच्या कडेने निघाला.

अक्रोडांपाशी पोचेपर्यंत त्याला काही वाटलं नाही. वाट जवळपास सपाटच होती. जुनिपरच्या पहिल्या वळणावर चढ लागतो, तिथे उजवा गुडघा दर वेळी टोचणी देतो. हद्दूने दात आवळून पाय दाबला. टोचणी आली नाही. सायकलीने त्याचा पाय जणू अर्ध्या वाटेतच उचलून घेतला. त्याने दुसरी चाल लावली. दुसरं वळण, तिसरं वळण. मागचं चाक दगडावरून गेलं तर सीटला झटका नाही, स्प्रिंगने गिळून टाकला. मोकळ्या खडीवर चाक सरकेल म्हणून तो वाट बघत होता, आणि जड सायकल खडीत नीट रुतून पुढे गेली. पाचव्या वळणावर तो थांबला. दमला म्हणून नव्हे. खाली गाव दिसत होतं, खळं दिसत होतं, आणि या वळणावरून त्याने श्वास न लागता गाव चार वर्षांत बघितलं नव्हतं. एका दगडावर बसून तो रडला, मोकळेपणाने, आवाज काढून. तिथे एक शेळी होती, तिने काही म्हटलं नाही.

मग त्याने सगळ्यांत जोराची चाल लावली आणि जिन्याखालपर्यंत गेला. साध्या सायकलीला तीन तास लागतात, त्याला सव्वा तास लागला. सपाट खडकावर तो एकटाच उभा राहिला. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, तेही त्याला बरं वाटलं. परत फिरला तेव्हा बॅटरीच्या पाच रेघांपैकी दोन उरल्या होत्या.

घरी इत्तोने जवाची भाकर आणि लोणी पुढे ठेवलं. रोजच्या सवयीने विचारलं, "गुडघ्याला तेल चोळू?"

"नको."

तिने हातातली वाटी खाली ठेवली. "चार वर्षांत पहिल्यांदा नको म्हणालास."

"दुखत नाही, म्हणून नको म्हटलं."

"तेच म्हणतेय मी. सकाळी ते वाक्य म्हणायची काय घाई झाली होती?"

"बस्सूने डिवचलं."

"बस्सू तीस वर्षं डिवचतोय. आजच त्याला जिंकू द्यायचं होतं?"

हद्दूने भाकर मोडली आणि खाल्ली नाही. इत्तो त्याच्याकडे बघत बसली. तिला राग आला होता आणि त्याची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिने भांडी जरा जोरात घासली.

सायकलीबरोबर एक वायर आली होती, भिंतीत खोचायची. हद्दूने ती पेटीतून काढलीच नाही. त्याला सायकल हवी होती, फार हवी होती, आणि म्हणूनच तिला सूट द्यायला तो तयार नव्हता. भरल्या पोटी ती कशी चालते ते बघून झालं. आता उपाशी ठेवून बघायचं.

दुसऱ्या दिवशी बस्सू आपलं पांढरं खेचर घेऊन दारात हजर. "मीही येतो. दाजी एकटे गेले तर येऊन काहीही सांगतील."

"तुझं खेचर माझ्यामागे धापा टाकेल."

"बघू कोण धापा टाकतं."

जुनिपरपर्यंत हद्दू इतका पुढे गेला की बस्सूची टोपीसुद्धा दिसेना. आठव्या वळणावर शेवटची रेघ लाल झाली. नवव्या वळणावर मोटरने एक उसासा टाकला आणि सायकल जागेवर थांबली. त्याने पाय दाबला. आता नुसती चोवीस किलोची सायकल, समोर उभा चढ, आणि गुडघा. टोचणी कालचं व्याज लावून परत आली. तो उतरला आणि ढकलू लागला. वीस पावलं, थांब. वीस पावलं, थांब. जिना अजून अर्ध्या तासावर होता.

बस्सू मागून रमतगमत आला. हद्दूची अवस्था बघून त्याने खेचर थांबवलं, सावली शोधली, मांडी घातली आणि अक्रोड फोडायला घेतले.

"उपाशी ठेवलीत?"

"हो."

"गिझलानने सांगितलं होतं, रोज भरायची."

"पाहुणा विसरेल तेव्हा? वीज गेली तेव्हा? थंडीत पोट लवकर रिकामं होईल तेव्हा?"

बस्सूने अक्रोड तोंडात टाकला. विचारल्याशिवाय मदतीला उठायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. हद्दूनेही न विचारायचं ठरवलं होतं. असे दोघे जिन्याच्या पायथ्यापर्यंत आले, एक ढकलत, एक अक्रोड खात. पहिल्या पायरीवर हद्दूने सायकल उचलली. जुनी सायकल तो खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत असे. हिने त्याला तिसऱ्या पायरीवर बसवलं. तो तिथेच बसून राहिला, आणि सायकल त्याच्या मांडीवर.

"बस्सू," तो शेवटी म्हणाला.

"बोला."

"ये."

दोघांनी मिळून ती खेचरावर चढवली. साध्या सायकली दोन असतात, एक इकडे, एक तिकडे, तोल आपोआप राहतो. ही एकटी, आणि तिचं सगळं वजन पोटात. खोगीर एका अंगाला कलंडलं. बॅटरी बाहेर काढून दुसऱ्या बाजूच्या गोणीत टाकली, तरी कलतं. मग बस्सूने गोणीत दगड भरले, एकेक दगड हातात तोलत, मागे सरून खेचराचे कान बघत. कान सरळ झाले तेव्हा थांबला. हे काम त्याच्याइतकं कोणालाही जमत नाही, आणि हद्दूने ते त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"तोल चांगला साधलास," हद्दू म्हणाला.

बस्सूने त्याच्याकडे संशयाने बघितलं. "उन्हाचा त्रास होतोय का?"

खिंडीतून हद्दू धारेवर निघाला. पोट रिकामं, मोटर मेलेली, आणि तरी ती सायकल उतारावर अशी धावली की त्याला पंचवीस वर्षांपूर्वीची सोललेली कोपरं आठवली. चढायला तिला खायला लागतं, उतरायला लागत नाही. दगडांच्या नाल्यात जुनी सायकल उडायची, ही जमिनीला धरून राहिली. पण तिसऱ्या वळणावर ब्रेकला जळका वास आला, एका टोकदार दगडाने मोटरच्या पोटाला ठण्णकन मारलं, आणि गावापाशी पोचल्यावर बघितलं तर मागच्या टायरच्या बाजूला बोटभर चीर. हद्दूने तिन्ही गोष्टी मनात नोंदवल्या. त्याला सायकल आवडली म्हणून त्या कमी झाल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी गिझलान आली आणि खळं पुन्हा भरलं. हद्दू सकाळपासून घराच्या पायरीवर बसून होता. सगळं अगदी सोपं होतं. लगाम पाठीवर टाकतात तसं हँडल सोडून द्यायचं, सायकल पडू द्यायची, म्हणजे झालं. नाही म्हटलं तर बस्सूचं काम राहील, गाव खूश होईल, आणि दुसरा कोणी या सायकलीवर बसून त्याच्या जुनिपरच्या वळणांवरून सर्रकन पुढे जातोय, हे तंबूच्या दारातून बघायची वेळ येणार नाही. नाही म्हणायला कारणंही होती, तीन. कोणाला शंका आली नसती.

तो उठला, सायकल खळ्याच्या मधोमध नेली आणि हँडल गिझलानच्या हातात दिलं.

खेचरवाल्यांना लगेच कळलं. गिझलानला याचा अर्थ कळेना, म्हणून त्याला तोंडाने बोलावं लागलं.

"चांगली आहे," तो म्हणाला. "चढते, धरून राहते, दगड गिळते. ब्रेकच्या थाळ्या मोठ्या हव्यात, हिचं वजन त्यांना झेपत नाही. पोटाखाली पत्रा हवा. टायर जाड बाजूचे हवेत. आणि ऐका, गिझलानबाई, खेचरांशिवाय ही इथे चालणार नाही. पोट रिकामं झालं की ही मेलेलं ओझं आहे आणि तुमचे पाहुणे जिन्यावर बसून रडतील. प्रत्येक सहलीबरोबर एक खेचर जादा बॅटऱ्या घेऊन जिन्याखाली हवं, आणि जिन्यावर प्रत्येक सायकलीला एक. साध्या सायकली दोन-दोन जात होत्या, हिला एकटीला खेचर लागतं. म्हणजे खेचरं कमी नाही, जास्त लागतील. आणि तोल बस्सूने साधायचा, दुसऱ्या कोणी नाही."

बस्सू जमिनीकडे बघत होता. खेचरवाले त्याच्याकडे बघत होते.

गिझलान हसली. "मग ठरलं. आठ येतील. आणि एकीवर तुम्ही, सगळ्यांत पुढे. आता गुडघ्याचा प्रश्नच नाही."

"मी तंबूवर," हद्दू म्हणाला.

"का? आत्ता तर म्हणालात..."

"मी त्या दिवशी जे म्हणालो ते तुमच्यासमोरच म्हणालो."

ती शहरातली. तिला वाटलं म्हातारा रुसला. बाकी सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून कोणी मान वर केली नाही. घरी इत्तो त्याला म्हणाली, "तू एक तपासलीस. येणार आहेत आठ."

"जात एकच. मी हो म्हटलं म्हणून सगळ्या येणार. माझा शब्द सगळ्यांना लागला."

"हा कुठला नियम?"

"माझा."

हिवाळाभर तो अंडी उकडायला शिकला. पहिली शंभर वाया गेली, असं इत्तो सांगते, पण ती वाढवून सांगते.

एप्रिलमध्ये खोकी आली. जुनी एक आणि नव्या सात. मोठ्या थाळ्यांचे ब्रेक, पोटाखाली पत्रा, जाड टायर. हद्दूने त्या खळ्यावर एकेक करून जोडल्या. सहलीच्या आदल्या दिवशी सकाळी बस्सू आला तो ठेवणीतला पांढरा झगा घालून, दाढी करून. नमाजाचा शुक्रवारही नव्हता. त्याने आठ सायकलींपुढून चक्कर मारली, सगळ्यांत शेवटची निवडली, आणि हँडलच्या मधोमध तळवा ठेवला.

"हे जनावर माझ्यासाठी नाही," तो इतक्या मोठ्याने म्हणाला की खळ्याबाहेरची माणसंही आत आली.

हद्दूच्या हातातला पाना तसाच राहिला. "काय चाललंय हे?"

"पारख."

"मी केलीय."

"तुम्ही एक केलीत. एक बघून सगळ्या कळपाची हमी देतो त्याला बाजारात काय म्हणतात, दाजी? सगळ्यांना सांगा जरा."

हद्दूने पाना खाली ठेवला. खळ्यावर कोणी हसलं नाही.

बस्सूला सायकल चालवता येत नव्हती. एकावन्न वर्षांत तो कधी चाकावर बसला नव्हता. पण पारख म्हणजे पारख. त्याने हँडल धरून ती अक्रोडांपर्यंत ढकलत नेली, टायर दाबून बघितले, ब्रेकला हात लावला, पत्र्यावर बुक्की मारली. मग झगा कमरेला खोचून तिच्यावर बसला आणि पाटाच्या कडेने उताराला सोडली. गाव मागे धावलं. पहिली पन्नास पावलं तो गेला, खरंच गेला, पाय दोन्हीकडे पसरून. मग वाट वळली आणि बस्सू वळला नाही.

पाटात कमरेएवढं पाणी होतं, बर्फाचं. तो उठला तेव्हा टोपी वाहून गेली होती आणि पांढरा झगा मातीने खेचराच्या रंगाचा झाला होता. सायकल त्याने डोक्याच्या वर धरली होती, दोन्ही हातांनी, सगळी चोवीस किलो, कोरडी. तशीच घेऊन तो खळ्यापर्यंत चालत आला, दात वाजत असताना, आणि हद्दूसमोर खाली ठेवली.

"पाण्याला भीत नाही," तो म्हणाला, आणि हँडल हद्दूच्या हातात दिलं.

हद्दूने ते घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं. हनुवटी वर करायची त्याची सवय, पण या वेळी ती छातीला टेकली होती.

"बस्सू," तो म्हणाला, "थंडी भरेल तुला. घरात चल."

"चलतो. एक अट आहे. जिन्याखाली माझ्यासाठी थांबायचं. खेचर आहे, हळू येतं."

दुसऱ्या दिवशी दा हद्दू सात पाहुण्यांच्या पुढे निघाला. जुनिपरची वळणं त्याने दुसऱ्या चालीवर चढली, पोट राखून. सपाट खडकावर तो सगळ्यांआधी पोचला. एकेक पाहुणा वर आला तसा हद्दूने त्याला खडकावर जागा दिली. टाळ्या त्याने कोणासाठी वाजवल्या नाहीत. मग खालच्या वळणावर पांढऱ्या खेचराचे कान दिसेपर्यंत तो अक्रोड फोडत बसला, आणि निम्मे गर रुमालात बांधून बाजूला ठेवत गेला.